यंत्र निकामी झाले, हे कोणी ठरवायचे?

(जालना येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

जालनेकरांना भंगाराचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही. येथील औद्योगिक वसाहतीतले पोलाद कारखाने भंगारावरच उभे आहेत. दूरदूरहून आलेले मोडके लोखंड इंडक्शन भट्टीत वितळते, त्याची बिलेट होते, रोलिंग मिलमधून सळई निघते आणि ती सळई पुन्हा दूरदूरच्या इमारतींत जाऊन बसते. एका ठिकाणी टाकाऊ ठरलेली वस्तू दुसऱ्या ठिकाणी कच्चा माल असते, हा अर्थशास्त्राचा धडा या शहराला पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. परंतु नांगराचा फाळ भट्टीत जातो तो मोडला म्हणून किंवा झिजला म्हणून. गेल्या काही वर्षांत शाळांच्या अडगळीच्या खोल्यांत, ग्रामपंचायतींच्या कपाटांवर, पतसंस्थांच्या पोटमाळ्यांवर जी यंत्रे साचत चालली आहेत, त्यांतील बरीचशी मोडलेलीही नाहीत आणि झिजलेलीही नाहीत. त्यांना निकामी घोषित करण्यात आले आहे, एवढेच. ही घोषणा कोणी केली आणि कोणत्या अधिकाराने केली, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नियमित सांभाळ थांबवला. संगणकाचा मूळ कारभार पाहणारी जी प्रणाली असते, तिच्यात दोष सापडत राहतात आणि ते बुजवावे लागतात. ते बुजवण्याचे काम बंद झाले की यंत्र चालते खरे, पण त्यावर व्यवहार करणे दिवसेंदिवस धोक्याचे होते. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आली होती. तिच्यानंतरची विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आली, आणि तिच्यासाठी कंपनीने अशा अटी घातल्या की साधारणपणे २०१७ पूर्वीच्या प्रोसेसरची यंत्रे अधिकृतरीत्या बाहेरच राहावीत. कॅनालिस या बाजार-संशोधन संस्थेने २०२३ च्या अखेरीस अंदाज केला होता की या एका निर्णयामुळे जगातील सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्याच्या वाटेला लागू शकतात. अंदाज म्हणूनच तो घ्यावा; पण त्याचा आवाका पुरेसा बोलका आहे.

यातील खरी गोम पुढे आहे. जे जादा शुल्क भरतील त्यांना आणखी काही काळ दोषदुरुस्ती मिळेल, अशी सोय कंपनीने ठेवली. युरोपातील ग्राहक संघटनांनी दबाव आणला, तेव्हा तेथील घरगुती ग्राहकांना एक वर्षाची दुरुस्ती विनाशुल्क देण्याचे कंपनीने २०२५ मध्ये मान्य केले. म्हणजे दुरुस्ती तांत्रिकदृष्ट्या अशक्य नव्हती. ती चालूच राहणार होती. ती कोणाला द्यायची आणि कोणत्या भावाने द्यायची, एवढाच प्रश्न होता. संघटित ग्राहकाला एक भाव आणि असंघटित ग्राहकाला दुसरा, हे सूत्र मोंढ्यात माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला नवे नाही.

वस्तूचे आयुष्य मुद्दाम कमी करण्याची कल्पना जुनी आहे. विजेच्या दिव्यांच्या मोठ्या उत्पादकांनी १९२४ मध्ये एकत्र येऊन फीबस नावाची मक्तेदार संघटना स्थापली आणि दिव्याचे आयुष्य हजार तासांवर आणून ठेवले. जास्त तास जळणारे दिवे बनवणाऱ्या सदस्य कंपनीला दंड होत असे. १९३२ मध्ये, महामंदीच्या ऐन भरात, बर्नार्ड लंडन या गृहस्थाने एक पुस्तिका लिहून सुचवले की वस्तूंना सरकारनेच मुदत ठरवून द्यावी आणि मुदत संपताच त्या नष्ट कराव्यात, म्हणजे कारखाने चालू राहतील. त्या काळी ही सूचना विक्षिप्त वाटली असेल. आज तीच व्यवस्था सरकारच्या कायद्यावाचून, कंपन्यांच्या वेळापत्रकाने अमलात आलेली दिसते. दिव्याची तार निदान खरोखर तुटत असे. संगणकाच्या बाबतीत तार शाबूत असते आणि फक्त तारीख संपते.

जालन्याच्या श्रोत्यांना याचे अधिक जवळचे उदाहरण बियाण्याचे. हा जिल्हा १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झाला. पण त्याच्या कितीतरी आधी, १९६४ मध्ये, बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको कंपनी स्थापली आणि जालना हे बियाण्यांच्या व्यापाराचे देशातील एक मोठे ठाणे झाले. शेतकऱ्याला दोन प्रकारचे बियाणे ठाऊक आहे. एक संकरित, दरसाल विकत आणावे लागणारे. दुसरे सरळ वाणाचे, घरात राखून ठेवता येणारे. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रातून निघालेला तुरीचा बीडीएन ७११ हा वाण त्यातला. संकरित बियाण्याचा जोम दुसऱ्या पिढीत घटतो, हा निसर्गाचा नियम आहे. त्याबद्दल कोणा कंपनीला दोष देता येत नाही. संगणकाच्या प्रणालीला असा कोणताही निसर्गनियम लागू नाही. ती कितीही वेळा उतरवून घेतली तरी तिचा जोम तसूभरही कमी होत नाही. तिला दरसालचे बियाणे करून टाकले ते परवान्याने.

आणि ज्यांनी परवान्याचीच उलटी योजना केली, त्यांचा हा इतिहास आहे. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. प्रणाली कोणत्याही कामासाठी चालवावी, तिची रचना अभ्यासावी आणि बदलावी, तिच्या प्रती वाटाव्यात, बदललेली प्रतही वाटावी, असे हे चार हक्क. १९८९ मध्ये त्यांनी या हक्कांना कायदेशीर परवान्याचे रूप दिले, आणि त्यात अशी मेख मारून ठेवली की ज्याने हे हक्क घेतले त्याने प्रत पुढे देताना ते दुसऱ्यालाही दिलेच पाहिजेत. १९९१ मध्ये हेलसिंकी येथील लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या घरच्या संगणकासाठी प्रणालीचा गाभा लिहिला. पुढच्याच वर्षी तो या परवान्याखाली आला, आणि या दोहोंच्या मिलाफातून आज ज्याला लिनक्स म्हणतात ती प्रणाली उभी राहिली. भारतीय संसदेने २००१ च्या वाणसंरक्षण कायद्यात शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि कंपनीची छाप न वापरता विकण्याचा जो हक्क दिला, त्याची आणि या परवान्याची जातकुळी एक आहे. दोन्हींकडे मूळ प्रश्न एकच होता: साधन ज्याच्या हातात, त्याची मालकी साधनावर किती?

डॉ. राममनोहर लोहिया लहान यंत्राचा आग्रह धरीत. खेड्यातल्या माणसाला जे चालवता येईल, दुरुस्त करता येईल आणि ज्याच्यासाठी प्रचंड भांडवल लागणार नाही, असे यंत्र त्यांना हवे होते. समाजवादी चळवळीत पुढे त्या विचाराची थट्टाही झाली. चरख्याला विजेचा पंखा लावल्यासारखे आहे, असे कोणी म्हटले असेल तर नवल नाही. दुरुस्त करता येणारा जुना संगणक आणि उघडून पाहता येणारी प्रणाली ही जोडी मात्र त्या वर्णनाला नीट लागू पडते.

आता हिशेब पाहू. आयकराच्या नियमांत संगणकावर २०१७ पासून दरसाल ४० टक्के घसारा धरण्याची मुभा आहे. त्याआधी तो ६० टक्के होता. तीस हजारांचा संगणक या रीतीने पाच वर्षांत हिशेबाच्या वहीत सुमारे २,३०० रुपयांचा उरतो. वहीतले हे मूल्य आणि यंत्राची काम करण्याची शक्ती यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. पत्र लिहिणे, हजेरीपट मांडणे, जमाखर्च ठेवणे, भूमितीची आकृती काढून दाखवणे, या कामांना २०१२ मध्ये जेवढी गणनशक्ती लागत होती तेवढीच आजही लागते. विजेचा आक्षेप घेतला जातो, आणि तो रास्त आहे. जुना डेस्कटॉप पडद्यासह १०० वॉट घेतो असे धरले, तो दिवसाला पाच तास, वर्षाला २०० दिवस चालला, तर १०० युनिट होतात. नवे छोटे यंत्र ३० वॉट घेईल, म्हणजे ३० युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी वर्षाला ७०० रुपयांचा फरक. एवढ्या बचतीसाठी तीस हजार गुंतवणे कोणत्याही व्याजदराने परवडत नाही. मात्र जे फारच जुने आहेत, पेंटियम ४ च्या पिढीतले आणि जाड काचेच्या पडद्याचे, त्यांचा हट्ट धरू नये. त्यांची वेळ खरोखर झाली आहे.

आणखी एक गोष्ट हिशेबाच्या वहीत येत नाही. नव्या संगणकावर खर्च केलेल्या रुपयाचा फार मोठा भाग जिल्ह्याबाहेर, बहुतांशी देशाबाहेर जातो. दुरुस्तीवर खर्च केलेल्या रुपयातून सुट्या भागाची किंमत वजा जाता उरलेली मजुरी भोकरदनच्या किंवा अंबडच्या बाजारपेठेतल्या तरुणाच्या खिशात पडते. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची साक्षरता ७१.५ टक्के होती, राज्यातील अगदी तळाच्या जिल्ह्यांपैकी एक. मंठा, घनसावंगी, परतूर भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले ज्या शाळांत शिकतात, तेथे प्रश्न नवा संगणक की जुना, असा नसतोच. जुना संगणक की कोणताच नाही, असा असतो.

शाळांत संगणक आलेच नाहीत असे नाही. केंद्र सरकारच्या २००४ च्या माहिती-तंत्रज्ञान योजनेखाली माध्यमिक शाळांना प्रयोगशाळा मिळाल्या. त्यात एक पद्धत अशी होती की ठेकेदाराने यंत्रे बसवावी, पाच वर्षे चालवावी आणि नंतर शाळेच्या हवाली करावी. हवाली होईपर्यंत यंत्रे पाच वर्षांची झालेली आणि ती चालवणारा माणूस ठेक्याबरोबर गेलेला, अशा योजनेचा शेवट काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. पुढे ती यंत्रे डेडस्टॉक रजिस्टरात चढली. एकदा वस्तू त्या रजिस्टरात गेली की ती उघडायची म्हणजे मुख्याध्यापकाच्या अंगावर काटा येतो. पेटी उघडली आणि लेखापरीक्षणात एखादा भाग कमी निघाला, तर वसुली त्याच्या पगारातून. त्यापेक्षा खोलीला कुलूप बरे! मग निर्लेखनाचा प्रस्ताव, मग लिलाव, मग भंगार. ग्रामपंचायतींत २०११ पासून संग्राम केंद्रांच्या निमित्ताने आणि २०१६ नंतर आपले सरकार सेवा केंद्रांच्या निमित्ताने संगणक गेले. त्यांच्याही मुदती अशाच भरत आल्या आहेत.

या अडगळीतल्या यंत्रांचे प्रत्यक्ष काय करता येते, ते सांगणे अवश्य आहे. कारण तत्त्व पटले तरी हात चालत नाहीत, हे चळवळीचे जुने दुखणे आहे. पहिले काम प्रणालीचे नाहीच, झाडूचे आहे. धूळ काढावी. मेमरीची पट्टी काढून तिचे पितळी दात खोडरबराने पुसावेत. 'बंद पडलेली' कित्येक यंत्रे एवढ्यावर उठतात. मग मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी बदलावी. ती संपली की यंत्राची तारीख दरवेळी कित्येक वर्षे मागे जाते, आणि तारीख चुकली की आजची संकेतस्थळे सुरक्षिततेच्या कारणाने उघडायलाच नकार देतात. वापरणारा समजतो संगणक जुना झाला. दोष पाचपन्नास रुपयांच्या बॅटरीचा असतो.

त्यानंतर प्रणाली. लिनक्सच्या अनेक आवृत्त्या पेनड्राइव्हवरून, आतल्या डिस्कला स्पर्शही न करता चालवून पाहता येतात. यंत्राला काय झेपते ते आधी पाहावे, मग बसवावी. चार जीबी मेमरी असेल तर लुबुंटू किंवा लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती बरी चालते. दोन जीबीवर अँटिएक्स किंवा पप्पी यांसारख्या अधिक हलक्या आवृत्त्या पाहाव्यात. फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कऐवजी छोटी एसएसडी घातली तर फरक कोणालाही डोळ्यांनी दिसतो. याहून दुबळ्या यंत्रांसाठी आणखी एक वाट आहे: खोलीत एकच चांगले यंत्र ठेवावे, बाकीची जुनी यंत्रे त्याला जोडून केवळ पडदा आणि कळफलक म्हणून वापरावीत. मराठीची अडचण नाही. इनस्क्रिप्ट कळफलक सर्व प्रमुख आवृत्त्यांत असतो, लोहितसारखे मुक्त टंक मिळतात, लिब्रेऑफिसचे पडद्यावरील सगळे शब्द मराठीत करून घेता येतात. इंटरनेट नसलेल्या शाळेत किविक्सच्या साहाय्याने मराठी विकिपीडिया डिस्कवर ठेवता येतो.

अडचणी लपवणे हा प्रचाराचा वाईट प्रकार आहे. हलकी प्रणाली बसवली तरी ब्राउझर हलका होत नाही. आजची संकेतस्थळेच इतकी जड झाली आहेत की दोन जीबीच्या यंत्रावर चित्रफीत पाहणे म्हणजे चढावर बैलगाडी. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, बोटांचे ठसे घेणारी उपकरणे, काही स्वस्त लेझर प्रिंटर यांचे चालक-प्रोग्राम बऱ्याचदा विंडोजपुरतेच केलेले असतात. पतसंस्थांचा जमाखर्च टॅलीत असतो आणि टॅलीही विंडोजसाठीच बनते. लग्नपत्रिका आणि निवडणुकीची पत्रके छापणाऱ्या डीटीपी केंद्रांचा सगळा जुना मजकूर युनिकोडपूर्व टंकांत अडकलेला आहे. तेथे शहाणपण असे की एक यंत्र आहे तसे ठेवावे आणि बाकीची मोकळी करावीत. सरसकट धर्मांतराचा आग्रह धरू नये. मुक्त प्रणालींचे जगही यंत्रांना कायम सांभाळते असे नाही. टोरवाल्ड्स यांनी ज्या ३८६ प्रोसेसरसाठी गाभा लिहिला, त्या प्रोसेसरचा आधार २०१२ मध्ये त्याच गाभ्यातून काढला गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटी यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोय थांबवली. परंतु तो निर्णय उघड चर्चेने झाला, आणि ज्यांना जुनी वाट चालू ठेवायची आहे त्यांना सर्व सामग्री हाती घेऊन ती चालवण्यास कोणाची मनाई नाही.

हे प्रयोग इतरत्र झाले आहेत. स्पेनमधील एक्स्त्रेमादुरा हा त्या देशातील दरिद्री प्रांत. त्याने २००२ मध्ये आपली स्वतःची लिनक्स आवृत्ती काढून शाळांत नेली. जर्मनीतील म्युनिक शहराने २००३ मध्ये असाच निर्णय घेतला, दहा वर्षे खपून हजारो यंत्रे बदलली आणि २०१७ मध्ये राजकीय बहुमत फिरताच माघार घेतली. तंत्र जमले तरी राजकीय पाठिंबा टिकवावा लागतो, हा म्युनिकचा अनुभव विसरण्याजोगा नाही. आपल्या देशात केरळने तो टिकवला. २००१ मध्ये सुरू झालेला तेथील 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्प शिक्षक संघटनांच्या रेट्यामुळे मुक्त प्रणालींकडे वळला, आणि आघाड्यांची सरकारे आली-गेली तरी मागे फिरला नाही. २०१९ मध्ये तेथील दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांसाठी नवी आवृत्ती काढण्यात आली, तेव्हा ३,००० कोटी रुपये वाचल्याचे सांगण्यात आले. हा आकडा जपून घ्यावा. सगळे परवाने बाजारभावाने विकत घेतलेच असते, असे गृहीत धरल्यावाचून तो निघत नाही. केरळची खरी मिळकत वेगळी आहे. तेथे शिक्षकांनाच यंत्र उघडायला शिकवले गेले, आणि २०१८ पासून शाळाशाळांत विद्यार्थ्यांची 'लिटिल काइट्स' मंडळे तयार झाली.

महाराष्ट्राला हे अवघड होते काय? सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात. त्याच संस्थेने २००७ मध्ये बॉस नावाची भारतीय भाषांची लिनक्स आवृत्ती काढली. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. पण याच राज्यात २००१ पासून लक्षावधी तरुणांनी एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र घेतले आणि त्यांतील बहुतेकांच्या मनात संगणक म्हणजे विंडोज असे समीकरण पक्के झाले. शिक्षणाने माणसाला एका दुकानाचे गिऱ्हाईक करून ठेवण्याचे याहून सरळ उदाहरण सापडणार नाही.

कचऱ्याची बाजू थोडक्यात. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन विद्युत-कचरा झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्क्यांची रीतसर विल्हेवाट नोंदली गेली. भारतात १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत. संगणकाची लोखंडी पेटी भट्टीत जाऊ शकते. सर्किट बोर्ड आणि तारा यांतून तांबे काढण्यासाठी त्या उघड्यावर जाळल्या, तर शिसे आणि विषारी धूर भंगार वेचणाऱ्याच्या फुफ्फुसात जातो.

जिल्ह्यात मागणी करायची तर ती मोजकी असावी. निर्लेखनाच्या प्रत्येक प्रस्तावासोबत, यंत्र साफ करून, बॅटरी बदलून, हलकी प्रणाली चालवून पाहिली होती काय, याचा एका पानाचा तपासणी अहवाल जिल्हा परिषदेने सक्तीचा करावा. दुरुस्तीसाठी पेटी उघडणाऱ्या मुख्याध्यापकाला लेखी संरक्षण द्यावे. या एका परिपत्रकाला फुटकी कवडीही लागत नाही. आयटीआयमधील 'कोपा' या संगणक-चालक अभ्यासक्रमात लिनक्सचा भाग आहेच. त्या विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिक शाळांच्या कुलूपबंद खोल्यांत घ्यावे आणि त्यांना त्याचा मेहनताना द्यावा, फुकट राबवू नये. नव्या खरेदीच्या निविदेत सुटे भाग आणि मुक्त प्रणालीवर चालण्याची अट असावी, म्हणजे दहा वर्षांनी हाच पेच पुन्हा पडणार नाही. तालुके आठ आहेत. प्रत्येक तालुक्यातील एका शाळेची खोली मे महिन्याच्या सुटीत उघडली, रजिस्टर समोर ठेवून यंत्रे एकेक करून तपासली, तर जूनमध्ये शाळा भरेपर्यंत किती यंत्रे उठली आणि किती खरोखर मेली होती, याची पहिली खरी यादी जिल्ह्याच्या हाती येईल.